बापटबाईंचा शेवटचा पगार

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. गुरुजी ताम्हन मांडून बसलेले, आम्ही कामगार टोप्या घालून हात जोडून उभे, आणि एचआरच्या प्रमुख बापटबाई गुरुजींच्या कानाशी वाकून विचारतात, "गुरुजी, याआधीच्या पूजेला किती मिळाले?" गुरुजी नेमके आचमन करत होते. पाणी नरड्यात अडकलं. खोकता खोकता बिचारे खरा आकडा सांगून बसले. बाईंनी त्यावर दहा टक्के चढवले, "ठीक आहे?" म्हणाल्या आणि डोळे मिटून सरळ उभ्या राहिल्या. त्या वर्षी गुरुजींनी मंत्र जरा भराभरच उरकले.

"शेवटचा पगार किती?" हा बाईंचा प्रश्न. नोकरीला आलेला इंजिनिअर असो, कॅन्टीनचा आचारी असो, नाहीतर लोणावळ्याला तुंगार्लीत त्यांच्या घरी फांद्या छाटायला आलेला माळी असो. तुला काय येतं, तुझ्या घरी खाणारी तोंडं किती, काही नाही. आधी किती मिळत होते ते सांग, त्यावर थोडं चढवते, पटलं तर राहा. आणि चष्म्याच्या वरून अशा काही बघतात की समोरच्याला खोटं बोलायचं सुचतच नाही.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला तर कहर केला. मी दत्ता मुऱ्हे, राहणार सोमाटणे, कारखाना तळेगावात, ब्रेकचे सुटे भाग बनवायचा. मी मशिनवर कामाला आणि युनियनचा सेक्रेटरी. बाई मॅनेजमेंटच्या. तरी पत्रिका द्यावी म्हणून दिली, तर आल्या. नवरदेवाला पेढा भरवला आणि म्हणाल्या, "अभिनंदन. शेवटचा पगार किती?" त्या पठ्ठ्यानं आम्हाला जो आकडा सांगितला होता त्यातले बारा हजार एका दमात कमी झाले! मांडवात ही बोंबाबोंब. माझा थोरला भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

सोमवारी मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये शिरलो. "बाई, तुमाला काय पडलं होतं वो? आमचं आमी बगितलं असतं की!"

"मुलगा प्रामाणिक आहे, मुऱ्हे," बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "विचारल्यावर खरं सांगतो. तुम्ही नीट विचारलंच नव्हतंत."

मला राग लवकर येतो, हे इथंच सांगून टाकतो. माझा आवाजही मोठा आहे. पण ही एक बाई अशी की मी ओरडायला लागलो की तिच्यापुढे माझा आवाज वायाच जायचा. पगारवाढीच्या कराराची बोलणी सुरू झाली की त्या लोणावळ्याहून चिक्की आणत. चांगली कडक, दाढ हलवणारी. मी मुद्द्यावर येऊन तोंड उघडलं की बशी पुढे. "घ्या मुऱ्हे, ताजी आहे." मी आपला भिडेखातर तुकडा तोंडात टाकायचो. तो फुटेस्तोवर बाईंचं सगळं बोलून झालेलं असायचं, आणि आमच्या दोन मागण्या खलास. कमिटीतली माणसं मला म्हणायची, "आरं, खाऊ नको ना ती!" पण समोर धरल्यावर नाही म्हणवत नाही माणसाला.

यांच्या आधी नाडकर्णी साहेब होते. ड्रायव्हरची मोठी गाडी, क्लब, थाट काही विचारू नका. बोलणीत ते झोपायचे. सरळ झोपायचे, हनुवटी छातीवर टेकवून. आम्ही घसा फोडून घ्यायचो, ते जागे व्हायचे आणि म्हणायचे, "वरती कळवतो." दोन करार आम्ही त्यांच्या झोपेत मारले. मग ते कुठल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर गेले आणि बापटबाई आल्या. जुन्या हायवेनं रोज लोणावळ्याहून आपली बारकी गाडी स्वतः चालवत यायच्या. कामावर आल्या की पहिल्या दिवसापासून आमच्या नाकी नऊ.

तर यंदाची गोष्ट. करार संपलेला, नव्याची बोलणी सहा महिने रखडलेली. पोरं कावलेली. घरचा हप्ता, पोरांच्या फिया, सगळं आ वासून. मुंबईहून फायनान्सचे दिवाण साहेब येऊन बसलेले, ते फक्त मोबाइल बघत होते. बाई म्हणाल्या, एवढी वाढ परवडणार नाही. माझं टाळकं सरकलं. चिक्की नव्हतीच घेतली त्या दिवशी. मी टेबलावर हात आपटला.

"तुमी लाखा लाखानं घेता आन् आमाला चार हजार द्यायला रडता व्हय? नाडकर्नी घ्यायचा तेवढाच घेत असाल ना? मंग आमच्या पोटावर का पाय देता?"

बाई ताडकन उठल्या. चेहरा लाल. "नाडकर्णींएवढा? माझा पगार माहिती आहे तुम्हाला? निम्मा आहे त्यांच्या! निम्मा!"

आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला त्यांनी. इथला पगार एकमेकांना सांगायचा नाही, विचारायचा नाही, हा कारखान्यातला नियम त्यांनीच लावलेला. दिवाण साहेबांनी मोबाइल खाली ठेवला आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

मी चहा घेऊन त्यांच्या केबिनपाशी गेलो. खरं तर भांडण पुरं करायला गेलो होतो. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"बसा," म्हणाल्या. "आता तोंडातून गेलंच आहे, तर ऐका. आम्हाला तुमच्यासारखा करार नसतो, मुऱ्हे. कारखाना केवढा, हाताखाली डोकी किती, बसता कुठे, यावर ठरतं. मुंबईला हेड ऑफिसात बसणाऱ्याला जास्त, कारण तो मालकाला लिफ्टमध्ये भेटतो. आणि माझ्या पगाराचा चौथा हिस्सा वर्षाच्या शेवटी मिळतो, मिळाला तर. तो तुमच्या करारावर लटकलाय. तुम्ही संप केलात तर गेला, तुम्हाला जास्त दिलं तरी गेला."

"म्हंजे आमी उपाशी ऱ्हायलो तर तुमी जेवनार?"

"बरोबर समजलात," बाई म्हणाल्या. "आणि युनियनचा अनुभव असला की बाजारात भाव वाढतो. नाडकर्णींनी नवी नोकरी तुमच्या नावावर मिळवली. तळेगावचा मुऱ्हे फार जहाल आहे, मी त्याला सांभाळलं, असं मुलाखतीत सांगितलं म्हणे."

मनातल्या मनात जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण लगेच डोकं भडकलं. "सांबाळलं? झोपला होता त्यो! आन् तुमी का न्हाई मागितलं तेवढं?"

"मागितलं ना. हेड ऑफिसवाले म्हणाले, ते सगळं ठीक आहे, तुमचा शेवटचा पगार किती?"

मग बाईंनी सांगितलं. पुण्यात चांगल्या मोठ्या पदावर होत्या. वडलांना लोणावळ्यात पक्षाघात झाला. भाऊ बंगळूरला, तो म्हणाला माझी नोकरी मोठी आहे, ती सोडता येणार नाही. मोठी यांचीही होती. यांनी सोडली. तीनेक वर्षं वडलांना भरवलं, कुशीवर वळवलं. ते गेल्यावर परत नोकरी शोधायला निघाल्या तर मधली वर्षं कुठे होतात म्हणून कुणी उभं करेना. शेवटी लोणावळ्यातल्याच एका रिसॉर्टवर सफाईच्या पोरांच्या हजेऱ्या मांडायचं काम मिळालं. त्याचा जो काय तुटपुंजा पगार, तोच झाला शेवटचा पगार. पुढच्या कंपनीनं त्यावर वीस टक्के दिले, त्याच्या पुढच्या कंपनीनं त्यावर वीस. काम वाढलं, पद वाढलं, पण हिशेब त्या रिसॉर्टपासूनच चालू.

"मंग तुमीच कशाला जगाला तोच प्रश्न इचारत फिरता?" मी ओरडलोच.

"कारण नियम तोच आहे!" त्याही ओरडल्या. "मला सोडलं का कुणी? मग मी का सोडू?"

मी घरी गेलो तो धुमसतच. बायको म्हणाली, मॅनेजमेंटच्या बाईला कमी पगार आहे, यात तुमचं काय जातंय? अगं, काय जातंय म्हणजे? अपमान आहे आमचा! तो झोपायचा त्याला एवढा, आणि ही आम्हाला सळो की पळो करून सोडते तिला निम्मा? कंपनीनं आमच्यासमोर स्वस्तातला माणूस बसवला? मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीत मी मागणी मांडली. एचआर प्रमुखाला आधीच्या साहेबाइतका पगार द्यावा, त्याशिवाय करारावर सही नाही. एकच गलका झाला. आमच्यातले सगळ्यात जुने ज्ञानोबा आबा म्हणाले, "दत्ता, डोस्कं फिरलंय का तुजं? उद्या गेटवर काय सांगायचं पोरांना? साहेबांचा पगार वाडवायला संप हाय म्हनून?"

"आबा, काम तेच, मान्सं तीच, मंग दाम निम्मा का? हे आपुन गेटवर रोज बोंबलतो ना कंत्राटी पोरांसाटी? मंग हितं का तोंड शिवायचं?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "घाल. पन शेवटाला घाल."

बोलणीला बसलो. मी सगळ्या मागण्या वाचल्या आणि शेवटी ही वाचली. बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. दिवाण साहेब सावकाश त्यांच्याकडे वळले.

"मॅडम, ही मागणी तुम्ही घालायला लावलीत?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. युनियनला हाताशी धरून स्वतःचा पगार वाढवून घेते, असा शिक्का बसला तर ही बाई आज संध्याकाळपर्यंत घरी! "न्हाई वो साहेब," मी म्हणालो, "त्यांना काय बी म्हाईत न्हाई, आईशप्पत." पण माझ्या शपथेला तिथं कोण विचारतो. दिवाण साहेब बाईंकडेच बघत होते.

बाईंनी पेन उचललं. चष्मा सारखा केला. "मुऱ्हे, मागणी मागे घ्या."

"न्हाई घेनार."

"मग ऐका. मॅनेजमेंटला ही मागणी मान्य नाही." आणि नेहमीच्या त्याच धारदार आवाजात त्या सुरू झाल्या. या कामाला बाजारात माणसं भरपूर आहेत. नाडकर्णींचा पगार ही चूक होती, एक चूक झाली म्हणून दुसरी करायची नसते. मी मधे बोलायला जातोय तर बोट वर करून थांबवलं मला. "आणि सध्याच्या एचआर प्रमुख पन्नाशीच्या पुढे आहेत. लोणावळ्यात वडलांचं घर आहे, ते सोडून त्या कुठे जाणार नाहीत. मधे नोकरीत खंड पडलेला, दुसरीकडे सहज कुणी घेणार नाही. जी बाई सोडून जाऊ शकत नाही, तिला कंपनीनं वाढवून का द्यावं?"

"करेक्ट," दिवाण साहेब म्हणाले आणि परत मोबाइल उचलला.

करेक्ट! मला त्या माणसाला टेबलाखाली घालून तुडवावंसं वाटलं. एवढी वर्षं बाईंनी माझ्या मागण्या कापल्या, पण एवढ्या निर्दयपणे कधीच कापली नव्हती एकही. आबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. ती मागणी खोडली गेली. बाकी करार मात्र त्या दिवशी झाला, आणि आमची वाढ बाईंनी पुऱ्या चार हजारांवर नेऊन दिली. दिवाण साहेब कुरकुरले, पण बाईंवरचा त्यांचा संशय फिटला होता, सही करून टाकली. बाईंचा तो चौथा हिस्सा त्यात गेला असणार, हे मला तिथंच कळलं.

पोरं गुलाल घेऊन गेटकडे धावली. मी मागे राहिलो. बाई टेबलावरचे कप एकात एक घालत होत्या.

"बाई, सोताबद्दल आसं बोलतं का कुनी? लाज वाटाया पायजे तुमाला!" माझा आवाज चढलाच.

"नोकरी वाचवली मी माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही घालवली होतीत जवळजवळ." मग कप तसेच ठेवून खुर्चीत बसल्या. चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या, पुसतच राहिल्या. "माझ्यासाठी कुणी टेबलावर हात आपटलेला मी आज पहिल्यांदा पाहिला, मुऱ्हे. आणि मलाच तुम्हाला हरवायला लागलं."

पाणी आणू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. मग एकदम चष्मा चढवून माझ्यावर खेकसल्या.

"आणि नाडकर्णींएवढाच का मागितलात? वीस वर्षं बोलणी करताय, एवढं कळत नाही? आधी जास्त मागायचं असतं, मग खाली यायचं असतं. माझ्यासाठी मागतानाच काटकसर सुचली तुम्हाला?"

"चुकलं बाई," मी म्हणालो. "पुढल्या कराराला परत घालतो. बोला, किती मागू? तुमाला किती पायजे?"

खाली गेटवर पोरं नाचत होती, हलगीचा आवाज वर येत होता. बाई परत कप एकात एक घालायला लागल्या, आणि मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"मला नाही माहीत हो, मुऱ्हे. हे मला कधी कुणी विचारलंच नाही."