चांदीचा तुकडा हळू निवविल्याची कैफियत

जाणत्यांचे सेवेशी कैफियत सादर ती ऐशीजे: पदार्थविज्ञान खात्याचे तळघरात नखाएवढा चांदीचा तुकडा निर्वात टाकीत कैद होता, आणि त्याचे पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दाखविणारी रेष पडद्यावर बारीक उमटवावी, ऐसी मोहीम मुकर्रर जाहली. सरलष्कर खुद्द मार्गदर्शक सर, वय छत्तीस. आणि फौज म्हणावी तर संशोधक ताई एकट्या, ज्यांनी पंधरा वर्षे शाळेत शिकवून चाळिशीनंतर पीएचडीस हात घातला होता. पंपांचा बंदोबस्त पंपकाकांकडे. यंत्र तीनच दिवस वाट्यास आले होते. तिसरे दिवशी दुपारी बारास शेजारचे खात्याचे स्वाधीन करणे होते, आणि त्या रेषेवाचून ताईंचा प्रबंध आणखी वर्षभर अडून बसता.

पहिले दिवशी तुकडा तापवून साफ केला, आणि सरांस धीर कोठला, फर्मान सुटले की तत्काळ द्रव नायट्रोजन सोडून गार करणे. मग उष्म्याने सैरावैरा जाहलेले अणू रांगेत बसावयाचे आतच जागचे जागी गोठले, आणि पडद्यावर रेषेऐवजी धुराचा लोट दिसला. दुसरे दिवशी तेच फर्मान आणि तोच लोट. सर यंत्रावर खफा जाहले. ताई घरी जाऊन जेवल्या नाहीत.

तिसरे दिवशी सकाळी सहास, तुकडा पुन्हा तापविल्यावर, ताईंनी अर्ज गुजारला, "सर, आज घाई नको. आधी हळूहळू निवू दे, अणू नीट बसू देत. नायट्रोजन शेवटी."

"ताई, बारा वाजता यंत्र द्यायचंय."

"तो धूर घेऊन गेलो, तर आपलेच बारा वाजतील."

सरांनी मसलत मान्य केली, आणि मग अर्ध्या तासात तीनदा नायट्रोजनचे बटणाकडे हात नेला, तो काकांनी तीनदा अडविला. चौथे वेळी काका म्हणाले, "सर, चहा घेऊन या. इथला नको, पाचव्या मजल्यावरचा." सर गेले. ताई तापमानाचे आकडे उतरवीत राहिल्या. चार तासांनी नायट्रोजन सोडला, आणि अणूंची थरथर मंदावली, आणि पावणेबारास रेष उमटली, केसासारखी बारीक. ताईंनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

बारास शेजारचे खात्याचे प्रमुख दाखल जाहले. सरांनी त्यांस गंभीरपणे बजाविले, "गार करताना घाई करू नका. माझा अनुभव आहे." काकांस ठसका लागला, ताईंनी पाणी दिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती यंत्राचे नोंदवहीत बारा वाजून चार मिनिटांनी ताईंचे सहीने दर्ज असे. खाली सरांनी स्वहस्ते एक ओळ जोडली: अनुभव माझा, अक्कल ताईंची.