नियोजनरावांच्या दारातलं आसन

"अगं, अख्ख्या देशाचे डबे बदलायला निघालोय मी! एक आसन घरात आणता येणार नाही होय मला?"

नियोजनरावांनी टेम्पोत बसल्या बसल्या बायकोला ऐकवलं आणि ऐटीत फोन ठेवला. नियोजनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रेल्वेच्या नियोजन कचेरीत होते आणि घरी कांदा चिरायचा झाला तरी आधी टप्पे ठरवायचे, म्हणून मेहुणीने ठेवलेलं हे नाव पार कचेरीपर्यंत पोचलं होतं.

देशभरातले म्हातारे डबे मोडीत काढून नवे बांधायचे, अशी मोठी योजना होती. कारखाना तयार, पोलाद तयार, रंगसुद्धा ठरलेला! घोडं अडलं होतं ते आसनावर. समितीतल्या एकाला ते कडक वाटे, दुसऱ्याला मऊ, आणि तिसऱ्याला दर बैठकीत चहाच थंड वाटे. शेवटी नियोजनराव छाती काढून म्हणाले, "नमुना माझ्या घरी पाठवा. रविवारी घरच्यांना बसवतो, सोमवारी निकाल देतो!"

"द्या," मोठे साहेब म्हणाले. "फक्त एवढं ध्यानात ठेवा, तुमचा निकाल चुकला तर हजारो डबे चुकतील."

आसन होतं तिघांचं, उंच पाठीचं, लोखंडी सांगाड्याचं, एकसंध. नियोजनराव आणि टेम्पोवाला दोघांनी ते दारापर्यंत आणलं आणि "एक, दोन, तीन!" म्हणून आत लोटलं. अर्धं आत गेलं. मग कर्रर्र असा आवाज झाला आणि ते रुसलेल्या जावयासारखं उंबऱ्यातच ठाण मांडून बसलं. पुढे जाईना, मागे येईना!

"दार मोजलं होतं का हो?" आतून बायकोने विचारलं.

"आसन मोजलं होतं!" बाहेरून नियोजनराव ओरडले.

आता बायको आत, नवरा बाहेर, मध्ये रेल्वे! टेम्पोवाल्याने पाय लावून ओढलं, नियोजनरावांनी तेल सोडलं. उपयोग शून्य. टेम्पोवाला "पहार घेऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच.

तेवढ्यात चार दिवस पाहुणे म्हणून आलेले सासरे फेरफटका मारून परतले. या माणसाला वर्षानुवर्षं धड झोप नव्हती. गादी बदलली, उशी बदलली, डॉक्टर बदलले. डोळा लागत नव्हता. ते दारातून बाहेर आलेल्या टोकावर टेकले, "बरं आणलंत हो जावईबापू," म्हणाले आणि बघता बघता घोरायलाच लागले!

"अहो, बाबा झोपले?" बायकोने आतून आसनावरून डोकावून पाहिलं. "खबरदार कुणी ते आसन हलवलंत तर!"

म्हणजे आता ओढायचीही सोय उरली नाही. आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. मोठे साहेब! "म्हटलं, तपासणी डोळ्यांनी बघावी."

साहेबांनी दार पाहिलं, आसन पाहिलं, घोरणारे सासरे पाहिले.

"नियोजनराव, हे काय आहे?"

"साहेब... तपासणी चालू आहे."

बायकोने आसनाच्या पाठीवरून हात लांबवून साहेबांना चहा दिला आणि सहज विचारलं, "आमच्या दारातून हे जात नाही. पण डब्याचं दार याहून मोठं असेल ना?"

देशातल्या सगळ्या डब्यांची मापं नियोजनरावांना तोंडपाठ होती. तरी उत्तर द्यायच्या आधी त्यांनी आपल्या दाराची चौकट बोटांनी मोजली.

"डब्याचं दार याहून चार बोटं... अरुंद आहे," ते कसेबसे म्हणाले.

साहेबांनी कपबशी खाली ठेवली. "अहो, डबा आधी बांधायचा आणि आसनं मागाहून दारातून आत न्यायची, असं ठरलंय आपलं! हजारो आसनं कारखान्याच्या अंगणात पावसात भिजत राहिली असती!"

साहेबांनी दारात अडकलेलं आसन पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"नियोजनराव! तुम्ही हे मुद्दाम दारात अडकवून दाखवलंत!"

नियोजनरावांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. "म्हणजे काय साहेब! सगळं नियोजनच आहे."

आतून बायकोला जोराचा खोकला लागला.

"उद्याच सांगतो, सांगाडा दोन तुकड्यांत करा. गादीचा निकाल तर यांनी लावलाच आहे!" साहेबांनी सासऱ्यांकडे कौतुकाने पाहिलं. "हे जागे झाले की कारखान्याची माणसं येऊन दार मोकळं करतील. पण एक सांगतो, तुमच्यासारखा माणूस कचेरीत दुसरा नाही!"

नियोजनराव फुलून गेले. साहेब गाडीत बसता बसता वळून म्हणाले, "तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पुढच्या रविवारी नव्या डब्याचं शौचालय पाठवतो. तेही घरीच तपासा!"

आतला खोकला एकदम थांबला.