जिन्याखालचा चौथा नियम

आमच्या इमारतीत वस्तू मरत नाहीत. माणसं मरतात, त्याला इलाज नाही. पण वस्तू मरत नाहीत. आणि याचं श्रेय कुणाला द्यायचंच असेल तर ते मला द्यावं, असं परवापरवापर्यंत माझं ठाम मत होतं.

जिन्याखाली एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे धूळ आणि फुटक्या बादल्या राहायच्या. मी जन्मभर लोकांची घरं रंगवली, त्यामुळे रिकामी भिंत दिसली की हात शिवशिवतात. दोन वर्षांपूर्वी मी तो कोनाडा घासला, रंगवला आणि वर ऑइलपेंटने तीन नियम लिहिले. एक, नको असलेली वस्तू फेकू नका, इथे ठेवा. दोन, ज्याला हवी त्याने न्यावी. तीन, एकदा ठेवलेली वस्तू परत मागू नये. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळे ती जरा मोठी येतात. तिसरा नियम तर रस्त्यावरच्या माणसालाही वाचता येतो.

लोक बघता बघता सुधारले. कुणाचा दिवा कुणाकडे लागला, कुणाच्या पलंगाची कुणाकडे फळी झाली. माझ्याच घरात एक आरामखुर्ची, एक टेबलफॅन आणि एक भिंतीवरचं घड्याळ आलं. तिन्ही मी दुरुस्त केली. घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं, पण या वयात मला ते बरंच वाटतं. बायको म्हणायची, सगळ्या इमारतीचा कचरा जिना चढून आपल्याकडे मुक्कामाला येतोय. मी लक्ष देत नसे. समाजसुधारकाच्या घरून विरोध होतोच.

त्या दिवशी सकाळी बायकोनं मला एकच काम सांगितलं. तिच्या शिलाई मशीनच्या मोटरचा पट्टा घसरत होता. मशीन दुकानात न्यायचं, पट्टा बदलायचा, चारच्या आत परत आणायचं. दुकान चारला बंद होतं.

यात गंमत करण्यासारखं काही नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वर्षभर शाळेनं तिला काम दिलं नव्हतं. या खेपेला नाटकाचे कपडे दिले, पण देताना मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "जमेल ना?" हे दोन शब्द ती आठवडाभर सुपारीसारखे चघळत होती. अकरा ससे शिवून झाले होते. एक वाघ आणि एक कासव राहिलं होतं, आणि सगळे कपडे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शाळेत पोचायला हवे होते. तोवर सशांना कपडे घालून बघायला ती शाळेत गेली. जाताना दारातून वळून म्हणाली, "अहो, एवढंच करा. दुसरं काही करू नका."

मी मशीन उचललं. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत माझे गुडघे माझ्याशी भांडून वेगळे राहायला निघाले. खाली आमची विजेची सायकल उभी असते. मुलीनं दिलेली. उत्तम सायकल आहे, पण तिची बॅटरी काढून वर चार्जिंगला लावावी लागते, आणि ती वरच राहिली होती. आता मशीन घेऊन वर कोण जाणार? मी ते कोनाड्यात ठेवलं. जागा हाताशी होती, स्वच्छ होती, मीच रंगवलेली होती.

वर गेलो. बॅटरी काढली. म्हटलं, एक मिनिट टेकू. आरामखुर्ची माणसाला फसवते. डोळे उघडले तेव्हा घड्याळात बारा वाजत आले होते, म्हणजे खरे वाजून गेले होते.

खाली आलो तर कोनाडा रिकामा. तिथे धूळसुद्धा नव्हती.

पहिल्या मजल्यावरून घर्रर्र आवाज येत होता. तिथे वायरमन राहतो. मी डोकावलो तर आमच्या मशीनची मोटर धार लावायच्या दगडाला जोडलेली, आणि तो शेजारपाजारच्या सुऱ्या घासत बसलेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. काका, तुमचीच शिकवण, म्हणाला. मशीन दिसताच त्यानं ते उघडून भाग वेगळे केले होते आणि ज्याला जे हवं ते देऊन टाकलं होतं. काहीही वाया गेलं नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. पट्टा मात्र काढताना तुटला, असंही तो म्हणाला. तेव्हा ते मी नीट ऐकलं नाही.

मशीनच्या बुडाची लाकडी पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकडे गेली होती. हा माझा जुना मित्र, निवृत्त झाल्यापासून फक्त मांजर चालवतो. पेटीत जुनी चादर होती, चादरीवर मांजर होती, आणि मांजरीजवळ तीन पिल्लं होती. चौथं वाटेत होतं. मी पेटीकडे बोट दाखवलं तेव्हा मांजरीनं माझ्याकडे असं बघितलं की मी बोट खिशात घातलं.

"अरे, पण ती चुकून ठेवली होती," मी म्हणालो.

"मग?" ड्रायव्हर म्हणाला. "तिसरा नियम कुणी लिहिला? मी लिहिला का?"

मशीनचा मुख्य सांगाडा तळमजल्यावरच्या सिस्टरबाईंकडे होता. त्यांचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्यांना काहीतरी जड हवं होतं. नुसतं लोखंड बरं दिसेना, म्हणून त्या ते निळं रंगवत होत्या. निम्मं झालं होतं. रंगाचा हात चांगला होता, हे मला त्याही स्थितीत कबूल करावं लागलं.

मी त्यांना कासवाचं सांगितलं, वाघाचं सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंच्या दोन शब्दांचं सांगितलं. सिस्टरबाईंना वाईट वाटलं. पण पस्तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई. लिहिलेलं नसेल तर त्यांच्या लेखी ते झालेलंच नसतं. त्यांच्या दारातून समोर माझी भिंत दिसत होती. आजोबा, म्हणाल्या, तिथे एक लिहिलंय आणि तुम्ही तोंडी दुसरं सांगताय. तसं लिहा, मी आत्ता देते.

मी त्यांचाच ब्रश आणि त्यांचाच निळा रंग घेतला आणि भिंतीवर लिहिलं: चार, चुकून ठेवलेली वस्तू परत मागता येईल.

आयुष्यात मी हजारो भिंती रंगवल्या, पण इतकी महाग ओळ कुठे ओढली नाही.

सांगाडा मिळाला. मोटर आणायला वायरमनकडे गेलो. तो खाली जाऊन भिंत वाचून आला, मोटर सोडून माझ्या हातात दिली, आणि मग हळूच म्हणाला की तुमच्याकडचा टेबलफॅन त्यानंही चुकूनच ठेवला होता. आता नियमच तसा होता. मी फॅन दिला. मागोमाग सिस्टरबाई आल्या. घड्याळ त्यांच्या आईचं होतं. मग ड्रायव्हर आला आणि त्यानं आरामखुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"दोन वर्षं झाली त्याला," मी म्हणालो.

"चूक आज कळली," तो म्हणाला.

पेटी त्यानं दिली नाही. चौथं पिल्लू आलं होतं. माणसाला नियम दाखवता येतो, मांजरीला काय दाखवणार? खुर्ची मात्र त्याला जिन्यावरून मीच धरून दिली, कारण एकट्याला ती उतरवता येत नव्हती.

मग मी सांगाडा वर आणला, मोटर त्याला बसवली आणि पेटीच्या जागी दोन विटा घातल्या. मशीन उभं राहिलं. एका बाजूनं काळं, एका बाजूनं निळं, पण पुरं. मी घाम पुसला. तेवढ्यात बायको आली.

दारात ती जरा थबकली. आपलंच घर आहे ना, हे तिनं बघून घेतलं. खुर्ची नाही, फॅन नाही, घड्याळ नाही. जमिनीवर विटांवर अर्धं निळं मशीन, आणि शेजारी मी, तोही ठिकठिकाणी निळा. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ओरडली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "पट्टा?"

तेव्हा मला वायरमनचं ते वाक्य पुरतं ऐकू आलं. जुना पट्टा तुटला होता. नवा आणायला मी ज्या दुकानात निघालो होतो त्या दुकानाची चार वाजण्याची वेळ टळून गेली होती. ज्या एका कामासाठी मला धाडलं होतं, तेवढंच सोडून मी दिवसभर सगळं केलं होतं.

बायकोनं वाघाचं पिवळं कापड पुढे ओढलं. मग तिनं पदर खोचला, मशीन टेबलावर ठेवायला लावलं, पलंगाच्या कडेला बसली आणि सुईत दोरा ओवला. एका फटक्यात ओवला, हे मी पाहिलं. मशीनच्या उजव्या बाजूला जे चाक असतं त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे हातानं फिरतं," ती म्हणाली. "फिरवा."

मी उभा राहून फिरवू लागलो, कारण बसायला काही उरलं नव्हतं. हळू म्हटलं की हळू, जोरात म्हटलं की जोरात, थांबा म्हटलं की थांबायचं. वाघ सातपर्यंत झाला. कासवाच्या पाठीला तिनं आत जाड गोधडी घातली होती, तिथे माझा खांदा निखळायचाच राहिला. एकदा मी म्हणालो की कासवाला पाठ नसली तरी नाटक अडणार नाही. "जोरात," ती म्हणाली.

सकाळी ती कपडे देऊन आली. मुख्याध्यापिकाबाईंनी शिवण उलटी करून पाहिली होती. टाके आधीपेक्षा एकसारखे आलेत, म्हणाल्या, आणि गाणाऱ्या मुलांचे चाळीस सदरे देऊन टाकले. जमेल ना, हे मात्र विचारलं नाही. ही बातमी सांगताना बायको वर्षभरात पहिल्यांदा हसली. मलाही बरं वाटलं. मी लगेच बूट घातले, बॅटरी घेतली आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता पट्टा आणतो.

"बूट काढा," ती म्हणाली. "पट्टा कशाला? मोटरनं टाका इतका सरळ कधी येत नव्हता. शिवाय वीजही वाया जात नाही, तुम्हाला ते आवडतंच. मोटर फक्त तुमच्यासारखी मध्येमध्ये कुरकुरायची नाही, एवढंच."