रिकामं मशीन फिरवू नये

“चाळीस वर्षं तांब्याचा बंब घासलाय मी! ह्यो डबा काय अवघड?”

उलव्यातल्या नवव्या मजल्यावर वेणूबाईंनी पदर खोचला. धुतलेल्या कपड्यांना काळे चिकट पापुद्रे लागत होते, म्हणून सुनेनं, मोनालीनं, मशीन साफ करायची पावडर आणली होती.

“आई, पावडर टाकून हे बटण दाबायचं. बास! आत एकही कपडा नको. रिकामंच फिरू दे.”

“जा तू, डॉक्टर ताटकळंल!”

मोनालीची सातव्या महिन्याची तपासणी होती. ती गेली, मशीन सुरू झालं. वेणूबाई कौतुकानं झाकणाच्या काचेतून बघत राहिल्या. ड्रम डावीकडे झुलला, उजवीकडे झुलला, आणि त्यांना थेट पाळणाच आठवला! साताऱ्याकडे रिकामं जातं फिरवत नाहीत, रिकामा पाळणा तर कुणी चुकूनही हलवत नाही. इथं घरात पोटुशी सून, आणि हे मेलं रिकामंच झोके घेतंय!

“अवं, कायतरी द्या आत घालायला!”

जोतीरामांनी पेपरातून डोकं काढलं नाही. “माझं धोतर घाल.”

“नातवाच्या पाळण्यात धोतर? शोभतं का?”

“मग शुभ कायतरी बघ!”

शुभ! रविवारच्या डोहाळजेवणाची हिरवीगार इरकल कपाटात होती. वेणूबाईंनी मशीन थांबवलं, साडीला हळदकुंकू लावलं आणि बाळ निजवावं तशी अलगद आत ठेवली. जीव भांड्यात पडला.

दीड तासानं झाकण उघडलं. साडीची शिळी पालकभाजी झालेली, त्यावर पापुद्र्यांचे तीळ पेरलेले, आणि ड्रम आतून पोपटी! तेवढ्यात मोनाली दारात.

“आई! हे काय?”

“रिकामं हलत हुतं गं,” वेणूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. “मला बघवंना.”

मोनालीनं साडीकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि सोफ्यावर बसून पोट धरून हसली. “आई, बाळ एकदम मस्त आहे. ठोके ऐकून आले मी! टेन्शन नका घेऊ, साडी दुसरी आणू. पण हा हिरवा रंग घालवायला मशीन परत रिकामंच फिरवावं लागणार हं!”

वेणूबाईंनी मुकाट बटण दाबलं. मग स्टूल ओढून मशीनला टेकून बसल्या आणि झाकण थोपटत अंगाई म्हणू लागल्या. अख्खा दीड तास!

शेवटी मशीन थांबलं. जोतीरामांनी पेपराआडून हळूच विचारलं, “निजलं का?”

“निजलं आत्ताच,” वेणूबाई कुजबुजल्या, आणि मग जीभ चावली.