आगाऊ ढेकर

पोट कसं सांभाळावं, हे मला विचारा! माझं पोट म्हणजे आमच्या कामोठ्याच्या सोसायटीची लिफ्ट. जरा जास्त भरलं की मध्येच अडकतं. म्हणून पनवेलला भावनाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना मी पूर्ण तयारीनिशी गेलो. या जेवणावर आमचं लग्न ठरणार होतं! नाक्यावर दोन जिरा सोडा रिचवले. पोट आधीच मोकळं करून ठेवलं की झालं!

दार भावनाच्या आईनं, जनीकाकूंनी उघडलं. मी वाकून नमस्कार केला. मी खाली गेलो, सोडा वर आला.

"ऑऽऽब!"

समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

काकूंचा चेहरा पडला. "जेवून आलास?"

"नाही हो काकू, सोडा!"

"सोडू कशी? आमी सकालपासून जिताडा रांधतोय नि तू भायेर जेवून आलास!"

"आई, त्याला पित्त होतं गं," भावना म्हणाली.

"आमचं जेवान चाखायच्या आधीच?"

उपाशी असल्याचा पुरावा म्हणून मी जेवलो. जिताडा माशाच्या तुकड्या, तांदळाच्या भाकऱ्या, 'नको'तला 'न' म्हणेपर्यंत पडलेला भात. काकू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आता एक तृप्तीचा ढेकर दिला की काम फत्ते. पण येईना! तो दारातच खर्च झाला होता.

"आवडलं नाय वाटतं," काकू पुटपुटल्या.

तेवढ्यात भावनाचे बाबा, कमलाकरकाका, उठले. "चल, शतपावली घालू."

संपलं! नकार बाहेर नेऊन देणार!

कोपऱ्यावर वळताच काकांनी खिशातून डबी काढली. ओवा आणि काळं मीठ. "चघळ. मला पन पित्त हाय. लग्नापासून. काकूला बोलू नको."

"मग तुम्ही जेवता कसे?"

"सावकाश. ताट रिकामं दिसलं की ती वाढते, म्हनून रिकामं करायचंच नाय. आनि जेवल्यावर आडवं नाय व्हायचं, चालायचं."

"आणि ढेकर?"

"तोंडानं काढतो. खोटा. संसार हाय बाबा!"

बाजारपेठेला वळसा घालून परत येईपर्यंत माझी लिफ्ट हळूहळू हलू लागली. काकू दारातच उभ्या होत्या.

"पोरगा चांगला हाय," काका म्हणाले.

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय रे, माझ्या पोरीला सुखात ठेवशील?"

मी गंभीरपणे तोंड उघडलं.

"ऑऽऽब!"

काकूंचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "जेवला गो, पोरगा जेवला!"

लग्न ठरलं. भावना मात्र अजून सुनावते, "मला मागणी घालताना एवढं पोटातून बोलला नव्हतास!"