पुढची डावी सीट

घोरपडे वकिलांच्या गाडीची पुढची डावी सीट खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, जिवंत झाली. कारण फार मोठं नव्हतं. रेवाप्पा गवळ्यानं लावलेलं कंडिशनर जरा जास्तच लागू पडलं होतं.

दसऱ्याला गाड्यांची पूजा असते, त्यामुळं त्या आठवड्यात रेवाप्पाला मान वर करायला फुरसत नसे. त्याचं वॉशिंग सेंटर म्हणजे त्याचा जुना गोठाच. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या त्या गल्लीला शेणाचा वास अचानक सहन होईनासा झाला, तेव्हा त्यानं दावण उपटली, फरशी घातली आणि चामड्याच्या सीटा साफ करायचं काम शिकून घेतलं. शिकला तो मन लावून. आधी व्हॅक्यूम, मग मऊ ब्रशनं फेस, शिवणीत पाणी मुरू द्यायचं नाही, ओल्या फडक्यानं फेस टिपायचा आणि सीट सावलीत वाळवायची. इथपर्यंत त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती.

चुकायचा तो पुढं. कंडिशनर स्पंजानं लावावं, असं डब्यावर छापलेलं असतं. रेवाप्पा ते तळहातावर घेई, दोन्ही हात एकमेकांवर चोळून कोमट करी आणि चार बोटांनी कण्याकडून पोटाकडं उतरवत नेई. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते, त्याआधी म्हैस भादरून तिला तेल चोळतात, अगदी तसं. चामड्याला हात लावायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरी रीत असते यावर त्याचा विश्वासही नव्हता.

त्या दिवशी तिसरा हात फिरवताना सीटचं कातडं थरथरलं. माशी बसल्यावर थरथरतं तेवढंच. मग तिनं एक लांब श्वास सोडला.

"अगं, जरा इकडं ये," रेवाप्पानं बायकोला हाक मारली. "सीट जिती झालीया."

निलव्वा हात पुसत आली. तिनं सीटवर तळवा टेकवला. "गरम हाय. उन्हात ठिवली हुती काय?"

"सावलीतच हाय की."

"मग वकिलास्नी फोन लावा. त्यांची वस्तू हाय," असं म्हणून ती उरलेली फडकी पिळायला गेली.

रेवाप्पानं फोन लगेच लावला नाही. सीटबेल्टच्या खाचेजवळ त्याच्या बोटांना एक वण लागला होता. कारखान्यात त्यावर बदामी रंग चढवलेला होता, पण बोटांना रंग दिसत नाही. चार बोटं लांब, पाच टाके. तारेच्या कुंपणात फाटलेली ती जखम त्यानं स्वतः शिवली होती, दाभणानं, आणि वर हळद दाबली होती.

"हरणी?" तो म्हणाला.

सीट डोकं टेकायच्या उशीतून हळूच रेकली.

हरणी त्याची शेवटची म्हैस. आता पाडव्याची रीत अशी, की मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून ती दणदणवत पुढं जातो, हाक मारतो, आणि म्हैस एवढ्या गर्दीतून फक्त त्याच्यामागं धावत येते. हरणीला दोर कधी लागला नाही. तीन वर्षांपूर्वी तिला बाजारात न्यायची वेळ आली तेव्हाही टेम्पो लागला नाही. रेवाप्पानं गाडी दणदणवली, हाक मारली, आणि ती मिरवणूक आहे असं समजून मागोमाग धावत आली. व्यापाऱ्याच्या खुंट्याला तिला बांधून तो परतला. ह्यातलं तो कुणाजवळ कधी बोलला नव्हता, निलव्वाजवळही नाही.

वकील अर्ध्या तासात आले. त्यांनी सीटचा श्वास दोन मिनिटं ऐकला.

"रेवाप्पा, मी सीट साफ करायला दिली होती."

"केली की साहेब."

"मग ही श्वास का घेते?"

"ती आमची हरणी हाय."

वकिलांचा चेहरा कोर्टात होतो तसा झाला. "तुझी? कागद काय आहे तुझ्याकडं?"

"इकल्याची पावती हाय."

"म्हणजे तुझी नाही."

"न्हाई," रेवाप्पानं कबूल केलं.

"माझीही नाही. मी दोन वर्षांपूर्वी सीट बसवून घेतली, म्हैस नाही. तू ही सीट काढून घे आणि मला दुसरी बसवून दे. विषय संपला."

रेवाप्पाला वाटलं, आपलं नशीब उघडलं. त्यानं पाना लावून पहिला बोल्ट अर्धा आटा फिरवला. हरणी अशी रेकली की समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं. बोल्टच्या खाचेतून रक्त आलं. ती तेवढ्या वेळात खालच्या पत्र्यात रुजली होती. रेवाप्पानं बोल्ट परत आवळला, त्यावर हळद दाबली, आणि वकील गाडी तशीच घरी घेऊन गेले. दसऱ्याला तिची पूजा झाली. सगळ्या गाडीला मिळून एक हार, डाव्या सीटला वेगळं कुंकू.

सरकारी पशुवैद्य केंजळे मॅडम दसऱ्यानंतर वकिलांच्या बंगल्यावर आल्या. सीटच्या पाठीला तपासायची नळी लावून त्यांनी ठोके मोजले आणि नमुना भरायला घेतला. जात, मुऱ्हा. रंग, बदामी. कानातला बिल्ला लावायला कान नव्हते, म्हणून तो त्यांनी सीटबेल्टला लावला. परिवहन खात्यानं प्रवासी गाडीत जनावर नेल्याबद्दल खुलासा मागवला होता. वकिलांनी उत्तर धाडलं, की जनावर गाडीत नसून जनावर हीच गाडी आहे, आणि जनावराला परवाना लागत नाही. खात्याला ते पटलं. अडचण कागदाची नव्हती.

"तोंड कुठंय हिला?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, मॅडम," रेवाप्पा म्हणाला.

"मग खाते काय?"

"मी लावतो ते. तीन टायम."

नळी गळ्यात अडकवून त्या निघून गेल्या.

रेवाप्पा पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला जाऊन तिला कंडिशनर चोळत असे. आठ दिवसांत तिच्यावर बारीक मऊ लव आली. रुजत रुजत ती इंजिनापर्यंत पोचली, आणि तेही तिचंच अंग झालं. किल्ली फिरवली की तिला ठसका लागे, म्हणून वकील रिक्षानं कोर्टात जाऊ लागले आणि ज्याला त्याला ते सांगत सुटले. रेवाप्पानं एकदा हिरव्या वैरणीची पेंढी आणून सीटवर ठेवली. वास लागताच हरणी थरथरू लागली, उशी पुढं ढकलू लागली, आणि तासभर तशीच धडपडत राहिली. पेंढी सुकून गेली. त्यानंतर त्यानं तिथं वैरण नेली नाही, आणि वास राहू नये म्हणून अंगावरचा कपडाही बदलून जाऊ लागला.

पंधराव्या दिवशी शिवणींमधून बरगड्या दिसू लागल्या. तो स्वतःच मॅडमना बोलवायला गेला.

"तुम्ही जेवढं चांगलं कराल तेवढी ही जास्त जिवंत होणार," मॅडम म्हणाल्या. "आणि जेवढी जिवंत होणार तेवढी भुकेली. चामड्याला भूक नव्हती, रेवाप्पा. तुम्ही दिलीत."

"आणि लावायचं थांबवलं तर?"

"भेगा पडतील. एकेक करून. चार-सहा महिने लागतील मरायला."

रेवाप्पा खाली बसला. "तिसरं काय न्हाई?"

"स्पिरिट," मॅडम म्हणाल्या. "फडक्यानं पुसून घ्यायचं. तासाभरात कोरडी पडेल. त्रास कमी. मी आदेश काढते, आठ दिवसांत पूर्ण करायचा."

"कोण पुसनार?"

"नियम तसा काही नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ती उभी, म्हणजे, स्थिर राहील का?"

रेवाप्पाला ह्याचं उत्तर माहीत होतं. त्याला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. बाजारातून परतताना वाटलं होतं तेही याच्यापुढं कमी होतं, कारण तेव्हा निदान नजरेआड झालं होतं. आदेशाखाली त्यानं सही केली.

सात दिवस तो रोज उद्यावर ढकलत राहिला. आठवा दिवस पाडव्याचा निघाला.

"सणासुदीचं माझ्या दारात नको," वकिलांनी बजावलं. "तुझ्याकडं ने. कसं नेतोस ते तू बघ. ढकलून नेलीस तरी चालेल."

रेवाप्पा घरी आला. त्यानं मोटरसायकलचा सायलेन्सर काढायला घेतला. निलव्वा दारात उभी राहून बघत होती.

"मागल्या खेपेलाबी असंच न्हेलं हुतं व्हय?" तिनं विचारलं.

तो मान खाली घालून नट सोडवत राहिला. आत जाऊन तिनं मोरपिसाचा जुना तुरा आणि कवड्यांची माळ आणली आणि त्याच्या हातात दिली.

दुपारी चारला त्यानं वकिलांच्या फाटकात कवड्यांची माळ उशीला बांधली, तुरा आरशाला खोवला आणि हँडब्रेक सोडला. मग मोटरसायकलवर बसून ती दणदणवली आणि हाक मारली, "हर्नेऽऽ, चल गं!"

चाकं एकदा मागं सरकली, मग पुढं आली. हरणी निघाली.

रस्त्यावर मिरवणूक होतीच. रंगवलेल्या शिंगांच्या, झुली घातलेल्या म्हशी आपापल्या मालकामागं पळत होत्या, आणि त्यांच्यात एक बदामी सीटची मोटार, चालकाविना, रेवाप्पाच्या चाकापासून हातभर अंतर राखून पळत होती. वळणावर ती वळली. गर्दीत एकदा कुणीतरी दुसऱ्यानं हाक मारून बघितली, तिनं ऐकलं नाही. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या गवळ्यानं ओरडून सांगितलं, "रेवाप्पा, जनावर लई झ्याक राखलंयस गा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेवाप्पानं मागं वळून पाहिलं नाही. तिच्या इंजिनाच्या आवाजावरून त्याला कळत होतं, की ती आनंदात आहे.

सेंटरच्या दारात त्यानं मोटरसायकल बंद केली. तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. ती आपणहून आत शिरली आणि फरशीखाली जिथं तिचा खुंटा होता त्या जागेवर, कोपऱ्याकडं तोंड करून, थांबली.

निलव्वानं शटर ओढलं. रेवाप्पानं हात धुतले, कोरडे केले, आणि स्पिरिटची बाटली उघडायच्या आधी मॅडमनी दिलेला नमुना पेटीवर ठेवून भरायला घेतला. स्थळ, तारीख, बिल्ला क्रमांक. चौथा रकाना होता, 'जनावर जागेवर आणताना बळाचा वापर करावा लागला काय? असल्यास कारण लिहावे.'

त्यानं बराच विचार केला आणि शाळेत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं, "नाही. हाक मारली. आली."