नऊ नंबरचं टेबल

तीस वर्षं मी प्लंबिंग करतोय आणि छातीठोकपणे सांगतो, माझ्यासारखा प्लंबर तुम्हाला शोधून सापडायचा नाही! बाकीचे आल्या आल्या पान्हा काढतात. मी आधी गिऱ्हाइकाला समोर बसवतो आणि डॉक्टरसारखं विचारतो. त्रास कधीपासून? रोज की अधूनमधून? आधी कुणाला दाखवलं का? पाच मिनिटांत निम्मं दुखणं तिथेच कळतं.

तर त्या गुरुवारी बारच्या गल्लीतल्या एका बारमधून फोन आला. ती गल्ली खरं तर माझ्या साडूची. तिथले सगळे नळ तोच बघतो. पण त्याची कंबर धरली होती. मी जातोय म्हटल्यावर तो फोनवरच ओरडला, "तू नको जाऊस रे! मी दोन दिवसांत उठतो!"

"मग दोन दिवस त्यांनी काय पोहायचं?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक पळवीन म्हणून याच्या पोटात दुखतंय, अशी माझी खात्रीच झाली.

सहाला पोचलो. बाहेर एकेक रंगीत पाटी उजळत होती. आत बेसिनखालचा पाइप फुटला होता. तुकडा बदलला, सोल्युशन लावलं. आता ते वाळेपर्यंत अर्धा तास पाणी सोडायचं नाही. मिशाळ मालक म्हणाला, "काका, बसा निवांत." हॉलमध्ये छोटी छोटी टेबलं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर नंबर. नऊ नंबरचं रिकामं होतं, तिथे टेकलो. एक मुलगी लगबगीने आली, माझ्या छातीवर '९' चिकटवला, हातात कार्ड आणि पेन्सिल कोंबली.

"पाच-पाच मिनिटं बोलायचं. पुन्हा भेटावंसं वाटलं तर त्या माणसाच्या नंबरापुढे खूण करायची. आणि घंटा झाल्याशिवाय कुणीही उठायचं नाही हं!"

मला वाटलं, चांगला प्लंबर आलाय म्हणून मालकाने शेजारपाजारच्यांना गोळा केलं! एवढा मान मला सासुरवाडीतही मिळाला नव्हता.

टण्ण! समोर एक टापटीप गृहस्थ येऊन बसले. वकील होते.

"बोला," मी म्हणालो. "त्रास कधीपासून?"

ते चपापले. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? दोन वर्षं झाली. एकट्याला घर खायला उठतं."

"आधी कुणाला दाखवलंत?"

"कुणी इतक्या आपुलकीने विचारलंच नाही हो!" त्यांनी चक्क रुमाल काढला. "तुमचे डोळे फार प्रेमळ आहेत."

"गेल्या वर्षी मोतीबिंदू काढलाय," मी म्हणालो.

टण्ण! पुढचे एका ग्रंथालयातले ग्रंथपाल. लाजून लाजून टेबलाशीच बोलत होते. मी सरळ मुद्द्यावर आलो. "घरातला कुठला नळ गळतो?"

"न्हाणीघरातला!" ते थक्क झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावर दिसतं!"

टण्ण! आणि माझ्यासमोर येऊन बसले आमचे चिरंजीव! दर गुरुवारी ऑफिसात उशिरापर्यंत मीटिंग असते, असं सांगणारे! छातीवर नंबर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा पांढरा, की मला वाटलं आता हा खुर्चीवरून खाली पडणार.

"बाबा, तुम्ही इथे?"

"पाइप फुटलाय. तू?"

त्याने छातीवरचा नंबर हाताने झाकला. मग मी पहिल्यांदाच हॉलकडे नीट पाहिलं. सगळे पुरुष. दोघं दोघं समोरासमोर, कुणी लाजतंय, कुणी हसतंय. पलीकडे दोघांनी हातात हात घेतलेले. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

पोरगं दाराकडे बघत होतं. खोटं कशाला बोलू, माझेही पाय उठायला निघाले होते. पण आता उठलो, तर हा पुन्हा कधी माझ्यासमोर बसायचा नाही, हे मला स्वच्छ दिसलं. विचारपूस करायची मला एकच पद्धत येते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासूनच, बाबा."

"आधी कुणाला सांगितलंस?"

"काकांना माहितीये. या गल्लीतच दिसलो होतो त्यांना."

म्हणजे साडूच्या पोटात दुखत होतं ते हे! "आणि आईला?"

"हा शर्ट तिनेच इस्त्री करून दिलाय."

"म्हणजे घरात फक्त मीच राहिलो होतो?" मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. "मला का नाही सांगितलंस रे?"

"तुम्ही उठून जाल, अशी भीती वाटायची."

टण्ण! सगळे उठले. आम्ही दोघं सोडून. ती मुलगी धावत आली, "नऊ नंबर, पुढच्याला येऊ द्या!"

"ताई, अजून पाच मिनिटं दे. हे काम जुनं आहे," मी म्हणालो. पोरगं रडता रडता हसलं.

त्या पाच मिनिटांत आणखी एक गोष्ट कळली. आमच्या चिरंजीवांना तो ग्रंथपाल आवडतो. गेले तीन महिने! पण दोघंही टेबलं बदलत सरकणाऱ्या रांगेत, हा कायम त्याच्या मागे. समोरासमोर येणार कसे? शेवटी कार्डं गोळा झाली. मला दोन खुणा: वकील आणि ग्रंथपाल! आमच्या चिरंजीवांना एकच. ती मीच केली होती.

मी प्लंबर आहे हे सांगून पत्ता घेतला आणि रविवारी ग्रंथपालाकडे नळ बघायला गेलो. हत्यारांची पिशवी उचलायला पोराला बरोबर घेतलं. नुसता वायसर गेला होता, दोन मिनिटांचं काम. मी न्हाणीघराचं दार लोटून घेतलं. बाहेर आधी खुर्च्या सरकल्या. मग कपबश्यांचा आवाज. मग आमचे चिरंजीव हसले, अगदी मोकळे, घरात कित्येक वर्षांत असे हसले नव्हते. मी वायसर बसवला, काढला, पुन्हा बसवला. दीड तास!

शेवटी ग्रंथपालाने दारावर टकटक केली. काळजीने विचारलं, "काका, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

तीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं! मी मान खाली घालून बाहेर आलो.

"नाहीच जमत हो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी परत यावं लागेल. दोघांनाही."